मणक्याकडून मैदानाकडे

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे अजूनही कुणीतरी सुचवतं, "एखादा पायाळू माणूस बघा, पाय लावून घ्या." जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले तो पायाळू, त्याने कंबरेवर हलकी लाथ दिली की उसण उतरते, असा समज. सलूनमध्ये दाढी आटोपल्यावर मान दोन्हीकडे कडाकडा मोडून घेणारेही कमी नाहीत. त्यामुळे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांना आणि सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करण्याची पद्धत, हा शब्द मराठी माणसाला नवा असला तरी त्यातली मागणी जुनीच आहे: "तेवढं कट् करून द्या, मोकळं वाटतं."

खेळाडूंच्या दुखापतींकडे वळू पाहणाऱ्या कायरोप्रॅक्टरची अडचण इथेच सुरू होते. लोक त्याच्याकडे त्या आवाजासाठी येतात, आणि मैदानावर त्या आवाजाला फार थोडं काम असतं. बाकीचं काम काय असतं, ते शिकायला काय लागतं आणि हात कुठे लावायचा नाही, हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. परदेशात हा अभ्यासक्रम करणारी किंवा करू पाहणारी मराठी मुलं हल्ली भेटतात, त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात.

आधी थोडा इतिहास, कारण त्याचं ओझं अजून डोक्यावर आहे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका 'बसवला' आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. त्यातून सिद्धान्त निघाला: मणका जरासा सरकतो, नस दाबली जाते, आणि सगळे आजार तिथून होतात. हा सिद्धान्त टिकणारा नाही. शरीरशास्त्र त्याला साथ देत नाही आणि या व्यवसायातले अभ्यासू लोकही तो केव्हाच सोडून बसलेत. पण न सोडलेलेही आहेत. वर्षाला चाळीस-पन्नास भेटींचं पॅकेज विकणारा आणि प्रत्येक एक्स-रेवर लाल रेघ ओढून "हा बघा सरकलेला मणका" म्हणणारा कायरोप्रॅक्टर त्याच घराण्यातला. खेळाडूंचं काम करायचं असेल तर हे घराणं पहिल्या दिवशी सोडावं लागतं. खेळाडूला तीन आठवड्यांनी सामना खेळायचा असतो. त्याला आयुष्यभराचं गिऱ्हाईक करून भागत नाही.

डॉक्टरी संघटनांशी या व्यवसायाचं जुनं वैर होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टर्सवर टाकलेल्या बहिष्काराविरुद्ध १९७६मध्ये खटला दाखल झाला आणि १९८७मध्ये निकाल कायरोप्रॅक्टर्सच्या बाजूने लागला. खेळात मात्र दार त्याआधीच किलकिलं झालं होतं. १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये जॉर्ज गुडहार्ट हे कायरोप्रॅक्टर अमेरिकी पथकाबरोबर अधिकृतपणे गेले. खेळाडूंनी मागणी केली म्हणून दार उघडलं. पुराव्यांचा अभ्यास नंतर आला, आणि तो येता येता बरंच काही गाळून गेला.

शिक्षणाचं थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक या पदवीला प्रवेश घेण्याआधी पदवीपातळीचे साधारण ९० क्रेडिट लागतात. पदवीत किमान ४,२०० तास, मग राष्ट्रीय मंडळाच्या चार भागांतल्या परीक्षा, मग त्या त्या राज्याचं लायसन्स. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क इथेही विद्यापीठातून किंवा मान्यताप्राप्त कॉलेजातून हा मार्ग आहे. खेळाचं प्रशिक्षण या सगळ्याच्या वर: अमेरिकेत त्याचा सुमारे १०० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा, त्याच्या पुढची पातळी हवी असेल तर आणखी तास, मैदानावरची हजेरी आणि प्रात्यक्षिक परीक्षा.

आता आपल्याकडचं. भारतात कायरोप्रॅक्टर्सची नोंदणी करणारी वेगळी वैधानिक परिषद नाही. याचा अर्थ, बाहेरचं लायसन्स घेऊन पुण्यात दवाखाना थाटलात तर ते लायसन्स भिंतीवर शोभतं, पण काही चुकलं तर रुग्णाला तक्रार नेता येईल अशी परिषद नाही. दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून तीच पाटी लावणाऱ्यात आणि तुमच्यात कायदा फरक करत नाही. म्हणून महाराष्ट्रात राहूनच हे काम करायचं असेल तर माझं मत सरळ आहे: फिजिओथेरपी करा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं, राज्य परिषदेची नोंदणी, मग खेळ विषयात दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. सांध्याला झटका देण्याचं तंत्र तिथेही शिकता येतं. त्याच्यावर कुणा एका पंथाची मालकी नाही.

आता त्या 'कट्'बद्दल. सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये वंगणासारखा द्रव असतो. ते पृष्ठभाग झटकन दूर केले की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५मध्ये कॅनडात बोटं मोडताना चालू एमआरआयमध्ये ही पोकळी होताना टिपली गेली. त्यानंतर साधारण वीस मिनिटं तोच सांधा पुन्हा वाजत नाही. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण हाड जागेवरून सरकलेलंच नसतं. बोटं मोडल्याने संधिवात होतो ही आजीची ताकीदही खरी नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची मोडली नाहीत. दोन्ही हात शेवटी सारखेच निघाले. २००९मध्ये त्यांना याबद्दल गमतीचं इग् नोबेल मिळालं. झटक्याचा फायदा होतो तो असा: काही वेळ दुखणं कमी जाणवतं, आखडलेले स्नायू सैल पडतात, हालचाल थोडी वाढते. हा परिणाम काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत टिकतो. त्या वेळात तुम्ही काय करून घेता, त्यावर उपचार ठरतो. काहीच करून घेतलं नाही तर पायाळूची लाथ आणि तुमचा झटका यांत फार अंतर नाही.

घोट्याचं उदाहरण घेऊ. मैदानावर सगळ्यात जास्त हाच सांधा हाती येतो. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातून निसटताना, व्हॉलीबॉलमध्ये जाळीजवळ उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरताना, पाऊल आत वळतं आणि बाहेरचा अस्थिबंध ताणला जातो. खेळाडू पडला की भोवती सहा जण जमतात. त्यांतला एक पाय ओढायला लागतो, दुसरा स्प्रे मारतो. पहिलं काम या दोघांना थांबवण्याचं.

मग बोटाच्या टोकाने हाड चाचपायचं, चार जागी. बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत. आतल्या घोट्याची तशीच मागची कड. पावलाच्या बाहेरच्या काठावर करंगळीमागच्या लांब हाडाचं बूड. आणि पावलाच्या आतल्या बाजूचं नावेसारखं हाड. यांतल्या कुठल्याही जागी दाबून दुखलं, किंवा खेळाडूला चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली चार पावलं चालतात. हे ओटावा नियम. १९९२पासून वापरात आहेत आणि त्यांच्या हातून फ्रॅक्चर क्वचितच निसटतं. उलट बाजूने, नियमात बसूनही फ्रॅक्चर न निघणारे बरेच असतात, ते चालतं. नवख्याची चूक ठरलेली: तो हाडाच्या पुढच्या बाजूला दाबतो. तिथे अस्थिबंध आहे, तो मुरगळल्यावर दुखणारच. दाबायचं ते मागच्या कडेवर. सूज जास्त असेल तर बोट हळूहळू रुतवत हाडापर्यंत न्यावं लागतं, घाई केली तर तुम्ही सुजेलाच दाबत बसता.

यानंतर पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबून पाहायची आणि पाऊल बाहेर वळवून पाहायचं. घोट्याच्या वर, दोन हाडांच्या जोडात दुखलं तर ती साधी मुरगळ नाही. तिला बरं व्हायला दुप्पट वेळ लागतो, आणि पंधरा दिवसांत उभं करतो असं कोचला सांगितलंत तर तोंडावर पडाल. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला गुडघ्याखालचं हाडाचं डोकंही चाचपा, कारण घोट्याचा पीळ वर चढून हाड तिथे मोडू शकतं. "मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं" असं खेळाडू म्हणाला आणि मागे कुणीच नव्हतं, तर पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर टाचेवरची मोठी शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, तुटली आहे.

अस्थिबंध किती फाटला हे त्याच दिवशी सांगता येत नाही. स्नायू आखडलेले असतात आणि पाऊल पुढे ओढून पाहण्याची चाचणी फसवी निघते. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच चाचणी बरंच खरं बोलते. तोवर दाबपट्टी, पाय वर, झेपेल तेवढं वजन टाकून चालणं. बर्फ दहा-पंधरा मिनिटं, ओल्या कापडातून, आणि तोही दुखणं कमी व्हावं एवढ्यासाठीच. विश्रांती आणि बर्फ यांचं सूत्र १९७८मध्ये गेब मर्किन या डॉक्टरांनी रूढ केलं. २०१४मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं. कढत तेलाने चोळणं पहिले दोन-तीन दिवस नको, त्याने सूज वाढते. हळदीचा लेप लावलाच तर कोमट लावा. कढत लेपाने आलेले फोड मुरगळीपेक्षा जास्त दिवस त्रास देतात.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून कायरोप्रॅक्टरच्या हाताला खरं काम मिळतं. मुरगळीनंतर पाऊल वर वाकणं कमी होतं आणि ते आपोआप परत येईलच असं नाही. मोजायची पद्धत अशी: भिंतीपासून जमिनीवर मोजपट्टी चिकटवा, पाय तिच्यावर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते वाचा. चांगल्या पायाला ११ सेंटिमीटर आणि दुखऱ्याला ८, म्हणजे ३ सेंटिमीटर गेले. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खेळाडू उडीवरून उतरताना पाऊल वाकवण्याऐवजी गुडघा आत पाडतो, आणि पुढची दुखापत गुडघ्याची होते.

इथे पट्टा वापरा. दुखरा पाय स्टुलावर, नडगीच्या खालच्या टोकामागून पट्टा घेऊन तुमच्या कंबरेला, आणि तुमच्या अंगठा-तर्जनीमधला चाप घोट्याच्या पुढे, नडगीच्या लगेच खालच्या हाडावर. खेळाडू गुडघा पुढे नेतो तसा तुम्ही पट्ट्याने नडगी पुढे ओढायची आणि हाताने खालचं हाड मागे धरून ठेवायचं. दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या. दुखता कामा नये. दुखलं तर चाप खाली घसरला आहे किंवा पट्टा फार वर गेला आहे. लगेच पुन्हा मोजा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढलं तर हात बरोबर पडला, आणि त्या वाढलेल्या हालचालीतच ताबडतोब टाचा उचलणं आणि पुढे पाय टाकून वाकणं करून घ्या. मोजपट्टी पाहून खेळाडूचाही विश्वास बसतो, 'कट्' ऐकण्यापेक्षा जास्त. दोन भेटींत काहीच वाढलं नाही तर तिसऱ्यांदा ओढत बसू नका. आत कूर्चेला इजा असू शकते, ती एमआरआयमध्ये दिसते.

दुखणं पंधरा दिवसांत जातं आणि सगळे फसतात ते इथेच. अस्थिबंध भरायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. एका पायावर, गुडघा सरळ ठेवून २५ वेळा टाच उचलता येणं, डोळे मिटून एका पायावर तोल सांभाळणं, एका पायाची लंगडी उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के जाणं, पूर्ण वेगात धावताना दिशा बदलता येणं: एवढं झाल्याशिवाय सामना नाही. त्यानंतरही सहा महिने, जमलं तर वर्षभर, टेप किंवा घोट्याचा ब्रेस.

टेप बांधणं हे हातचं कसब आहे आणि ते वाचून येत नाही. तरी बिघडतं कुठे ते सांगतो. टेप ३८ मिलिमीटर रुंद, न ताणणारी, झिंक ऑक्साइडची. पाऊल नडगीशी काटकोनात हवं; खेळाडू बोलता बोलता पाऊल सैल सोडतो आणि तुम्ही लोंबत्या पावलावर टेप बांधता, मग धावताना ती पुढे रुतते. वर पोटरीच्या फुगवट्याखाली दोन आडव्या पट्ट्या, पावलाच्या मध्यावर एक. मग आतून सुरू करून तळव्याखालून बाहेर वर ओढलेल्या तीन उभ्या पट्ट्या, एकमेकींवर निम्म्या चढवून. शेवटी टाच दोन्हीकडून बांधणाऱ्या पट्ट्या. करंगळीमागच्या हाडाच्या बुडावर घट्ट झाली तर अर्ध्या तासात पाय बधिर होतो. सुरकुती राहिली तिथे फोड येतो. अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. आणि अर्ध्या तासाच्या खेळानंतर टेप बरीच सैल पडलेली असते, म्हणून मध्यंतरात ती पाहायची. मातीच्या मैदानावर घामाने हे आणखी लवकर होतं.

पिशवीत टेपचे सहा रोल, १० सेंटिमीटरचे चार क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, अर्धा लिटर सलाइन, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, दुमडणारं स्प्लिंट, कृत्रिम श्वासाचा मास्क, मोजपट्टी, ओआरएस. बर्फ शेजारच्या रसवंतीतून मिळतो, तो स्वच्छ असेल असं समजू नका. पिशवीतून वापरा, जखमेवर नको. १०८ला फोन कोण करणार आणि रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येणार, हे सामन्याआधी ठरवा. वेदनाशामक गोळ्या पिशवीत ठेवूच नका. कुणी दिलेलं चूर्ण किंवा पावडर खेळाडूला तुमच्या हातून जाऊ देऊ नका, उत्तेजक चाचणीत सापडला तर जबाबदारी त्याचीच धरली जाते. १ जानेवारी २०२२पासून स्टेरॉइडचं कुठल्याही मार्गाने दिलेलं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंदीत आहे, सांध्यात दिलेलंसुद्धा. हे बऱ्याच अस्थितज्ज्ञांनाही सांगावं लागतं.

मानेबद्दल थोडंच, पण ठाम. पकडीत चार-पाच जण अंगावर पडले आणि खेळाडू मान धरून उठला, तर झटका देणाऱ्याचे हात खिशात. हातापायाला मुंग्या, मानेच्या मधोमध हाडावर दुखणं, स्वतःहून ४५ अंश डावी-उजवीकडे मान वळवता न येणं, यांतलं काहीही असेल तर मान जागच्या जागी स्थिर धरायची आणि हॉस्पिटल. डोक्याला मार लागून गोंधळला असेल, डगमगत असेल, तर तो त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, दहा मिनिटांनी "आता ठीक आहे" म्हणाला तरी. मेंदूला धक्का बसलाय का हे पाहणारी स्कॅट-६ ही चाचणी नीट करायला किमान दहा-पंधरा मिनिटं आणि शांत जागा लागते, रेषेबाहेर उभ्या उभ्या ती होत नाही. मैदानावर परतणं पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला निदान २४ तास.

आणि सामन्यानंतर चार दिवसांनी दवाखान्यात येणारी मान जास्त फसवी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं तर त्याचं पहिलं लक्षण मानदुखी आणि डोकेदुखी हेच असू शकतं, तरुण माणसातही. "असं यापूर्वी कधीच दुखलं नव्हतं", चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड, गिळायला त्रास, चेहऱ्याची एक बाजू बधिर, चालताना एका बाजूला तोल: यांतलं एक जरी असेल तर मानेला झटका द्यायचा नाही, थेट हॉस्पिटलला पाठवायचं. सलूनवाला हे काही विचारत नाही, म्हणून तर त्याने मान मोडायची नसते. मी म्हणेन, मार लागलेल्या खेळाडूच्या मानेला झटका द्यायचाच नाही. हलक्या हाताने आणि व्यायामाने तेवढंच मिळतं.

शेवटी पुन्हा कंबर, म्हणजे कायरोप्रॅक्टरचं माहेर. नेमकं तिथेच त्याच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं, आणि ते होतं वेगवान गोलंदाजाचं.

पंधरा-सोळा वर्षांचा उजव्या हाताचा गोलंदाज. कंबरेत डावीकडे दुखतं, एका बोटाने जागा दाखवतो. गोलंदाजी केली की वाढतं, दोन दिवस विश्रांती घेतली की जातं, मागे वाकलं की टोचतं. तुम्ही कुशीवर झोपवून खालच्या मणक्यांना झटका देता, दोन-तीन आवाज होतात, तो उठून म्हणतो, मस्त वाटतंय. परवा दहा षटकं टाकतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. असं तीन महिने चालतं, आणि मग एमआरआयमध्ये मणक्याच्या मागच्या कमानीला आरपार चीर दिसते.

कारण यांत्रिक आहे. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर वर येतो, आणि त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळलेली असते. चौथ्या-पाचव्या कमरेच्या मणक्याच्या कमानीतला अरुंद भाग, टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा, हा भार झेलतो. आधी हाडात सूज येते, मग केसासारखी चीर, मग पूर्ण तुटणं. सुजेच्या पायरीवर सापडलं तर हाड भरून येतं. झटक्याने दुखणं तात्पुरतं कमी होतं आणि धोक्याची घंटा बंद पडते, चीर मात्र वाढत राहते. मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. जसप्रीत बुमराहला २०१९मध्ये कंबरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर बसवलं आणि २०२३मध्ये न्यूझीलंडमध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली.

म्हणून नियम असा ठेवावा. पंचविशीच्या आतला वेगवान गोलंदाज, एका बाजूची कंबरदुखी, मागे वाकल्यावर वाढणारी, दोन आठवड्यांहून जुनी: उलट सिद्ध होईपर्यंत हाडाला इजा आहे असंच धरायचं. एका पायावर उभं राहून मागे वाकवण्याची चाचणी करा, पण ती नाही दुखली म्हणून निर्धास्त होऊ नका, तिच्यावर फार भरवसा ठेवण्यासारखा नाही. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ निघतो. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'कंबरदुखी' लिहिलंत तर चकतीची चित्रं काढून "सर्व ठीक" असा रिपोर्ट येतो. 'वेगवान गोलंदाज, कमानीच्या अरुंद भागाला स्ट्रेस इजा आहे का, हाडातली सूज दाखवणारी चित्रं काढावीत' असं स्पष्ट लिहा.

इजा निघाली तर गोलंदाजी किमान तीन-चार महिने बंद, पूर्ण वेगात परतायला सहा महिने किंवा जास्त. या काळात हात कंबरेपेक्षा खुब्यावर आणि पाठीच्या वरच्या भागावर चालवा. तिथली हालचाल अडलेली असेल तर खालचे मणके ती भरून काढतात. पोटाचे आणि कुशीचे स्नायू, एका पायावरचे व्यायाम, मग धावणं. चेंडू टाकायला सुरुवात चार पावलांच्या रन-अपने, एक दिवसाआड १२ चेंडू, निम्म्या जोराने. आधी चेंडूंची संख्या वाढवायची, मग रन-अप, सगळ्यात शेवटी वेग. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवल्या की दुखणं परत येतं आणि कशामुळे आलं ते कळत नाही.

खरी मारामारी मोजण्याची आहे. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाच्या नियमांत १४ आणि १५ वर्षांखालच्या गटांतल्या मुलासाठी एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२ षटकं अशी मर्यादा ठेवली गेली आहे. आपल्याकडे तोच मुलगा शाळेकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, नेटमध्ये तासभर टाकतो, आणि प्रत्येक कोच फक्त आपल्या सामन्यातली षटकं मोजतो. बेरीज कुणीच करत नाही. ती बेरीज करायचं काम उपचार करणाऱ्याने अंगावर घ्यावं: वही मुलाकडे, रोज टाकलेले चेंडू, नेटमधले धरून, आणि दर रविवारी पालकांची सही. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, की मैदानावरची टेनिस बॉलची मॅचसुद्धा यात मोजायची.